आऱ्याची खालची मूठ

मांजरी गावाहून मजुरीला आलेला बजरंग दुसऱ्याच दिवशी भर दुपारी आरा सोडून बाजूला झाला. हात धोतराला पुसत म्हणाला, "मला दुसरं काय बी काम सांगा. ह्यो आरा मी वढत न्हाई."

"का? जड आहे?" दत्तोबा सुताराने ओंडक्यावरून विचारलं.

"जड असता तर वढला असता. हलका हाय. माझ्या मुठीवर आधीच कुनाचा तरी हात हाय."

त्याने पागोटं उचललं आणि तो गेला. दत्तोबाने त्याला थांबवलं नाही. याआधी ज्यांनी ज्यांनी ती मूठ धरली होती, ते सगळे असेच काहीतरी बोलून गेले होते.

सवाई माधवराव श्रीमंत अजून लहान होते, त्या दिवसांतली ही गोष्ट. पुण्यात बांधकामांना ऊत आला होता. कसबा पेठेत दत्तोबाचं घर होतं आणि घरामागच्या पडवीत त्याचं काम चालायचं. सागाचा ओंडका उंच मांडणीवर चढवायचा, एकाने वर उभं राहायचं, एकाने खाली, आणि दोघांनी मिळून तो लांबलचक आरा ओढून फळ्या पाडायच्या. वरची मूठ दत्तोबाची. खालची मूठ त्याच्या थोरल्या भावाची, अनंताची.

अनंत थोरल्या माधवरावांच्या कर्नाटकच्या मोहिमेत गेला होता. फौजेबरोबर तोफांचे गाडे दुरुस्त करायला सुतार लागत. सरकारी हत्यारं तिकडे मिळतील म्हणून आरा घरीच राहिला. फौज परतली, अनंत परतला नाही. कुणी म्हणालं तुंगभद्रेच्या पुरात गाड्यासकट वाहून गेला, कुणी म्हणालं तापाने गेला, कुणी म्हणालं शत्रूने धरून नेला. मेलेला कुणी पाहिला नव्हता. त्यामुळे त्याची बायको मथुराबाई अजून कुंकू लावत होती, आणि त्या घरात अनंताचं नाव घेताना कुणी "होता" म्हणत नसे.

बजरंग गेला त्याच आठवड्यात श्रीधरपंत येऊन गेले. ते हुजूर दफ्तरात कारकून होते आणि नारायण पेठेत घर बांधत होते. दिंडीदरवाजाच्या फळ्या त्यांनी एकीला एक लावून पाहिल्या. मध्ये बोटभर फटी राहत होत्या.

"दत्तोबा, मी दार सांगितलं होतं," ते म्हणाले. "तू चाळण केलीस. चोर येईल तो बिचारा आत डोकावून, काही नेण्यासारखं आहे का ते बघून मगच तसदी घेईल."

"रंधा मारून सरळ करतो, पंत."

"रंधा मारून फळीची पट्टी होईल. वास्तुशांतीच्या आत नव्या फळ्या दे. नाहीतर आम्ही पडदा लावू."

प्रत्येक फळी डावीकडे गेली होती. दत्तोबाने काजळाच्या दोरीने रेघ सरळ मारली होती, पण काप थोडा पुढे गेला की रेघ सोडून डावीकडे झुकायचा. अनंताचा हात तसाच होता. बापाने त्यापायी त्याला लहानपणी किती वेळा छडीने मारलं होतं.

म्हाळू लोहार दत्तोबाचा जुना सोबती. त्याला एका शिलेदाराकडून मोडक्या तलवारींचं पोलाद मिळालं होतं. त्याने निरोप धाडला, 'एक हत्यार नवं करून देतो. बदल्यात जुनं लोखंड दे, मला विळे-कोयते करायला लागेल. कोणतं हत्यार ते ठरवून ये.'

हत्यारं सगळीच थकली होती. तासायच्या वाकसाला धार लागत नव्हती. रंध्याचं पातं घासून घासून बोटभर उरलं होतं. आऱ्याचे दात तर इतक्यांदा कानशीने कोरले होते, की पातं रुंदीला निम्मं झालं होतं. तिन्ही हत्यारं समोर ठेवून दत्तोबा बराच वेळ बसून राहिला. खरं तर ठरवायला काही नव्हतं. पहिला काप वाकडा गेला, तर वाकस आणि रंधा दिवसभर तेच निस्तरत बसतात. शिकाऊ सुतारानेही सांगितलं असतं की आधी आरा बदल.

तरी तो वाकस घेऊन निघाला.

म्हाळूने वाकस बोटावर उलटासुलटा करून पाहिला. "हा अजून चालेल. पाणी देऊन देतो. आरा का नाही आणलास?"

दत्तोबाने पुढे होऊन भाता ओढायला घेतला.

"वहिनींना विचारलं नाहीस," म्हाळू म्हणाला.

"काय विचारू? तो आरा तोडायचा, म्हणजे त्यांचं कुंकू मी माझ्या हातानं पुसायचं."

"आणि नाही तोडला तर?"

दत्तोबाने भाता सोडला आणि वाकस घेऊन तो घरी आला.

घरी आरा खुंट्यांवर टांगलेला असायचा. दुपारी सगळे जेवायला बसले, की कधीकधी पडवीतून आवाज यायचा, खर्र, खर्र, सावकाश, दमलेल्या माणसाने ओढल्यासारखा. पहिल्यांदा आवाज आला तेव्हा दत्तोबा ताटावरून उठून धावत गेला होता. पडवी रिकामी होती. आरा जागेवर होता, पण खालची मूठ घामाने ओली होती. त्यानंतर आवाज आला की तो मान खाली घालून जेवायचा. त्याची बायको सोजरबाई भाकरी वाढताना भांडं जरा जोरात आपटायची, आवाज झाकावा म्हणून. मथुराबाई मात्र हातातला घास तसाच धरून ऐकत राहायची.

त्या दिवशी सोजरबाई त्याला म्हणाली, "अहो, जाऊबाईंशी बोला. नाहीतर मी बोलते."

"तू बोलू नकोस."

पण बोलायची वेळ त्याच्यावर आलीच नाही. दुसऱ्या दिवशी तो ओंडका मांडणीवर चढवून, आता खाली कुणाला उभं करावं या विचारात असताना मथुराबाई मागच्या दाराने पडवीत आली. तिने पदर कमरेला खोचला होता.

"भावजी, मी धरते."

"वहिनी, हे बायकांचं काम नाही."

"पुरुषांचंही दिसत नाही. सगळे पळून जातात." तिने आरा खुंटीवरून काढला. "चढा वर."

दत्तोबा चढला. आऱ्याचं पातं रेघेवर बसलं आणि दोघांनी ओढायला सुरुवात केली. मथुराबाईने जन्मात कधी आरा ओढला नव्हता, तरी तो लोण्यातून गेल्यासारखा चालला. वरून दत्तोबाला तिचं डोकं दिसत होतं, केसांवर पडणारा भुसा दिसत होता. काप वीतभर गेला आणि डावीकडे झुकू लागला. मथुराबाईचे हात मुठीवर होते, पण तिचे दंड ताणलेले नव्हते. ती नुसती धरून होती. आरा तरी खालून ओढला जात होता.

"सोडा, वहिनी," दत्तोबा वरून म्हणाला. "सोडा ते."

तिने सोडलं नाही. डोळे मिटून ती तशीच मूठ धरून राहिली. दत्तोबाने वरची मूठ रोखून धरली, तेव्हा कुठे आरा थांबला. तिने कपाळ मुठीला टेकवलं.

"फार दमलेत ते," ती म्हणाली.

दत्तोबा खाली उतरला. मथुराबाई ओंडक्याला टेकून बसली.

"भावजी, पहाटे पडवी कोण झाडतं?"

"तुम्हीच."

"कशासाठी, ते कधी विचारलंत? आऱ्याखाली भुसा पडलेला असतो. आदल्या संध्याकाळी मी जमीन लखलखीत झाडून ठेवते, तरी पहाटे असतो. तुम्ही उठायच्या आत मी तो गोळा करते. सागाचा नसतो. काळा असतो, शिसवाचा. आपल्याकडे शिसव कधी आलाय?"

शिसव कर्नाटकाच्या रानात व्हायचा. तिकडे तोफांच्या गाड्यांना तोच वापरत.

"इतके दिवस बोलला नाहीत, वहिनी."

"काय बोलू? सुरुवातीला मला बरं वाटायचं. म्हटलं, आहेत कुठेतरी, काम करताहेत. पोटाला मिळत असेल." तिने हाताला लागलेला भुसा झटकला. "आज मूठ हातात धरली आणि कळलं. जिवंत माणूस असं ओढत नाही. मध्येच श्वास घ्यायला थांबतो. ते थांबत नाहीत. त्यांना कुणी सांगितलंच नाही की मोहीम संपली. मी इकडे कुंकू लावून बसले, तुम्ही आरा टांगून बसलात, आणि ते तिकडे गाडेच करताहेत."

आतून सोजरबाई दारापर्यंत आली आणि तिथेच उभी राहिली.

"म्हाळूभावजींनी काय निरोप धाडला होता?" मथुराबाईने विचारलं.

दत्तोबाने सांगितलं.

"मग आधी आरा," ती म्हणाली, आणि उठली.

आरा घेऊन ती स्वतः दत्तोबाबरोबर लोहारवाड्यात गेली. म्हाळूने पातं भट्टीत सरकवलं, लाल झाल्यावर ऐरणीवर घेऊन छिन्नीने तोडायला घेतलं. दत्तोबाने तोंड फिरवलं. मथुराबाई बघत होती. प्रत्येक तुकडा खाली पडला, की ती हळूच, शेजारच्या माणसाशी बोलावं तसं म्हणायची, "झालं हं. झालं आता." शेवटी लाकडाच्या दोन मुठी उरल्या. खालची मूठ तिने मागून घेतली.

बारा वर्षं परतला नाही तो माणूस गेला असं धरून त्याचा विधी करतात. ती वर्षं कधीच भरून गेली होती, घरात कुणी मोजली नव्हती इतकंच. मुठा नदीच्या काठी पळसाच्या पानांचा पुतळा केला, मथुराबाईने ती मूठ त्याच्या उजव्या हाताशी ठेवली आणि दत्तोबाने अग्नी दिला. सोजरबाईने जावेच्या बांगड्या उतरवल्या. उतरवताना ती रडली. मथुराबाई रडली नाही. ज्वाळा खाली बसेपर्यंत ती उभी राहिली आणि मग पाण्यात उतरून पुष्कळ वेळ अंग धूत बसली.

नवा आरा रुंद, करकरीत होता. पुन्हा तीच खाली उभी राहिली, कारण पेठेत दुसरं कुणी यायला तयार नव्हतं. काप सुरू झाला आणि रेघ सोडून उजवीकडे गेला. दत्तोबाने दुसरी फळी घेतली, तीही उजवीकडे. त्याने हातातली मूठ सोडली आणि स्वतःच्या दंडाकडे बघत राहिला. भावाच्या ओढीला तोल देत देत, अलीकडे तो पुरा पडत नव्हता तरी, त्याचा हात आयुष्यभर उजवीकडे झुकत आला होता. आता पलीकडून काही ओढच नव्हती.

तो तिथेच मांडणीवर बसला आणि ढसढसा रडला. विधीच्या वेळीही तो असा रडला नव्हता. मथुराबाईने त्याला रडू दिलं.

मग खालून म्हणाली, "भावजी, खाली मी आहे. माझ्या हातानं ओढून बघा."

हात सरळ व्हायला पुष्कळ दिवस लागले. श्रीधरपंतांची वास्तुशांत तोवर होऊन गेली आणि पाहुणे खरोखरच पडद्यातून आत गेले. दार बसलं तेव्हा पंतांनी फटीत नख घालून पाहिलं, ते आत गेलं नाही. "उशीर केलास," एवढंच म्हणाले, आणि पुढच्या महिन्यात मेहुण्याच्या घराचं काम घेऊन आले. पेठेत कुजबूज झालीच, की सुताराच्या घरात विधवा आरा ओढते. कुणीतरी ते मथुराबाईच्या तोंडावर बोललं, तेव्हा ती म्हणाली, "या, तुम्ही धरा." कुणी आलं नाही.

वाकस दत्तोबाने पुढच्या हंगामात बदलला, रंधा त्याच्या पुढच्या. पडवीत पुन्हा कधी आवाज आला नाही. पहाटे जमीन स्वच्छ असायची. मथुराबाई तरी उठायची, केरसुणी हातात घेऊन कोरड्या जमिनीकडे बघत उभी राहायची. दुपारी घर निजलं, की तिला त्या शांततेत झोप लागायची नाही. सोजरबाईच्या ते लक्षात आलं. मग तीही निजेनाशी झाली. सुपात काहीतरी निवडायला घेऊन ती जावेजवळ येऊन बसायची, आणि उन्हं कलेपर्यंत दोघी बोलत राहायच्या.