मागे कोणी नाही

“काय गं एक्सप्रेस, आज गाडी मध्येच उभी?”

शेजारच्या टेबलावरची मैत्रीण चेष्टा करत होती, पण एक्सप्रेसचं लक्ष नव्हतं. जेवणाची सुट्टी संपून दहा मिनिटंही झाली नव्हती आणि तिचा कॉम्प्युटर अडकला होता. लाल बटण तीनदा दाबून झालं, चौथ्यांदा जरा रागाने दाबलं, तरी पडद्यावरची केस जागची हलेना. एक म्हातारा चेहरा, तोंड अर्धवट उघडं, तसाच समोर थांबून राहिला होता.

ऑफिसात तिला एक्सप्रेस म्हणत आणि तिला ते आवडायचंही. कामच तसं होतं. मारधाडीचे, रक्तपाताचे व्हिडिओ गेम अठरा वर्षांखालच्यांना विकायला बंदी. म्हणून ज्याला असा गेम घ्यायचाय त्याने आधी ओळखपत्राचा फोटो पाठवायचा, मग कॅमेऱ्यासमोर बसून, चेहरा चौकटीत धरून, पडद्यावर येतील ते चार आकडे मोठ्याने वाचायचे. हे सगळं मशीन तपासतं, असं गिऱ्हाइकाला सांगितलेलं असे. तपासायचंही, पण मशीनला शंका आली की केस मुकाट्याने तिसऱ्या मजल्यावरच्या या वीस टेबलांपैकी एकावर येऊन पडायची. तिथे नाव दिसत नसे, पत्ता दिसत नसे. जन्मसाल, ओळखपत्रावरचा जुनाट फोटो आणि काही सेकंदांचा व्हिडिओ, बस्स. हिरवं बटण दाबा नाहीतर लाल.

त्यातल्या त्यात सोपी म्हणजे ‘आजोबा केस’. सत्तरीच्या पुढच्या कोणी असला गेम मागितला की मशीन कोपऱ्यात पिवळा ठिपका देई. या वयात बंदुका कोण चालवणार? घरातलं पोर बिचाऱ्या म्हाताऱ्याला कॅमेऱ्यापुढे बसवतं, ‘आजोबा, एवढं वाचा ना’ म्हणतं आणि आजोबा कौतुकाने वाचतात, हे इथे सगळ्यांना पाठ होतं. चुकून हिरवं दाबलं तर वरून विचारणा व्हायची. चुकून लाल दाबलं तर कोणी हूं की चूं करत नसे. त्यामुळे ठिपका दिसला की तिचं बोट आपोआप लालवर. नऊ सेकंदांत निकाल. आवाज तर ती ऐकायचीच नाही. आकडे बरोबर की चूक ते मशीन बघून घेई. तिचा हेडफोन सहा वर्षं ड्रॉवरमध्ये पडून होता.

आज कॉम्प्युटर अडकला आणि दुसरं काही करण्यासारखं नव्हतं, म्हणून तिने समोरच्या म्हाताऱ्याकडे बघितलं.

आधी दिसलं ते बटण. राखाडी स्वेटर, वरून तिसरं बटण निळं, बाकीची काळी. घरात काळं सापडलं नाही म्हणून निळं लावलेलं, तेही पांढऱ्या दोऱ्याने. हे तिला माहीत होतं, कारण ते तिनेच लावलं होतं.

मग तिने चेहरा बघितला. अप्पा होते. तिचे सासरे.

अप्पा कॅमेऱ्यापुढे आले कसे, हा प्रश्न नंतरचा. ते तोंड उघडून काय करत होते? सासूबाई गेल्या त्या आठवड्यात अप्पांचा आवाज गेला, त्याला आता तीन वर्षं झाली होती. डॉक्टरांनी घसा तपासला, काही दोष नाही म्हणाले, धक्का आहे, येईल हळूहळू. तो आला नाही. छत्तीस वर्षं अग्निशमन दलाच्या कंट्रोल रूममध्ये फोन घेतलेला माणूस, रडणाऱ्या-ओरडणाऱ्या लोकांना नुसत्या आवाजाने शांत करणारा, घरात मानेने होय-नाही सांगायला लागला. पुढेपुढे तेही कमी झालं.

तिने ड्रॉवर उपसला, वायर धरून हेडफोन ओढून काढला आणि कानाला लावला. तेवढ्यात अडकलेला व्हिडिओ सुटला; मघाचं लाल बटण मात्र नोंदलंच गेलं नव्हतं.

“तीन,” अप्पा म्हणाले. “आठ. शून्य. पाच.”

आवाज खणखणीत होता. ना थरथर, ना चाचपडणं. तिने व्हिडिओ पुन्हा लावला. पुन्हा अप्पा बोलले.

“अगं, काय झालं? भूत बघितल्यासारखी काय बसलीस?” मैत्रीण म्हणाली.

“पाणी दे,” ती कशीबशी म्हणाली.

पाणी प्यायल्यावर पहिला राग आला तो लेकीचा. चिंगी चौदा वर्षांची, दिवसभर गेम गेम करणारी, तिचाच जुना कॉम्प्युटर अप्पांच्या खोलीत ठेवलेला. म्हणजे या कार्टीने आजोबांना बोलतं केलं आणि आईबापाला पत्ता लागू दिला नाही? आज घरी गेल्यावर तिची चांगलीच खरडपट्टी काढायची, असं तिने ठरवलंसुद्धा. मग व्हिडिओखाली वेळ दिसली. आज सकाळी अकरा चाळीस. चिंगी सातपासून शाळेत होती. घरात अप्पांशिवाय कोणी नव्हतं.

ती जिन्यात गेली आणि नवऱ्याला फोन लावला. तो वजनकाटे दुरुस्त करायचा. मागे कुठल्यातरी गोदामाचा गलका ऐकू येत होता.

“अप्पा बोलले,” ती म्हणाली.

“काय बोलले?”

“तीन आठ शून्य पाच.”

तो जपून म्हणाला, “तू जेवलीस ना नीट?”

तिने फोन ठेवला. समजावून सांगायचं तरी कसं! टेबलाशी परत येऊन तिने ‘आधीचे अर्ज’ उघडले. एरवी नऊ सेकंदांत तिथवर जायला सवड कुणाला? तीन अर्ज होते. तिन्ही नामंजूर. पहिल्यापुढे टेबल नंबर होता अकरा. पुढच्या दोहोंपुढे सतरा.

सतरा नंबरचं टेबल तिचं होतं.

तिला वाटलं, आपण चुकीचं वाचतोय. बोट ठेवून पुन्हा वाचलं. टेबल सतरा, आठ सेकंद. टेबल सतरा, नऊ सेकंद. ज्या माणसाला ती रोज सकाळी ताट वाढते, ज्याच्या स्वेटरला बटण लावते, तो माणूस दोनदा तिच्यासमोर येऊन बसला होता आणि तिने त्याला दोनदा हाकलून दिलं होतं. ओळखलंसुद्धा नव्हतं. तिला स्वतःची इतकी किळस आली की खुर्चीवर बसवेना.

उभ्याउभ्याच तिने गेल्या सोमवारचा अर्ज उघडला, तो नऊ सेकंदांचा. मशीनने आपोआप घातलेलं कारण होतं, ‘चेहरा चौकटीबाहेर’. व्हिडिओ मात्र चांगला मिनिटभराचा होता.

अप्पांनी आकडे वाचले. मग जरा पुढे वाकून, कंट्रोल रूममध्ये बोलत तशा स्पष्ट शब्दांत ते म्हणाले, “मागच्या वेळी तुम्ही कळवलंत, मागे लहान मूल असण्याची शक्यता आहे. तसं नाही. अर्ज माझाच आहे. मागे कोणी नाही. बघा.” आणि त्यांनी कॅमेरा उचलला. वायर पुरेल तेवढा खोलीभर फिरवला. पलंग दिसला, घडी घातलेलं पांघरूण दिसलं, दारातून बाहेरची बैठकीची खोली दिसली, रिकाम्या खुर्च्या दिसल्या. “घरात कोणीच नसतं,” आवाज आला. “चारपर्यंत तरी नसतं.”

तिने हेडफोन काढला, केसवर ‘थांबवा’ ही खूण केली आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकली. थांबवलेली केस ऑफिस सुटेपर्यंतच थांबत असे. सहा वाजता ती आपोआप नामंजूर व्हायची.

सव्वातीनला तिने आपल्या किल्लीने घराचं दार उघडलं. चपला काढून हातात घेतल्या आणि तिथेच थबकली. अप्पांच्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं आणि आतून आवाज येत होता.

“लाल टोपी, थांब तिथेच. जिन्याखाली धूर आहे, जाऊ नकोस. डावीकडून फिर. घाई नको, मी बघतोय ना.” मग थोडं थांबून, हसत, “नाही गं बाई, अजून परवानगी नाही आली. चौथा अर्ज आहे. त्यांना वाटतं, माझ्या मागे कोणी पोर लपलंय.”

अप्पा हसत होते. ती चपला हातात धरून ऐकत राहिली.

“तुम्ही व्हा पुढे नव्या गेमला. माझ्यासाठी किती दिवस अडून राहणार? आजचा दिवस वाट बघा, उद्यापासून नका बघू. हा जुना आहेच की मला. एकटा खेळेन.”

तिच्या हातातली किल्ली फरशीवर पडली. आतला आवाज बटण दाबल्यासारखा बंद झाला. ती दार ढकलून आत गेली तेव्हा अप्पांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला होता आणि चेहऱ्यावर तो नेहमीचा गप्प भाव आणला होता.

“अप्पा, मी ऐकलं,” ती म्हणाली.

ते खिडकीकडे बघत राहिले.

“परक्या लोकांशी बोलता आणि आमच्याशी नाही? तीन वर्षं! आम्ही काय वाईट वागवलं तुम्हाला?” तिचा आवाज चढला आणि मग एकदम फुटला.

अप्पा बोलले तेव्हा रागाने नाही बोलले.

“वाईट नाही वागवलंत. ही गेली तेव्हा घसा खरंच बसला होता, महिना-दोन महिने. मग सुटला. पण तोवर तुम्ही माझ्या वतीने बोलायला लागला होतात. अप्पांना दुपारचा चहा नको. अप्पा आता पडतील जरा. अप्पांना गर्दी सोसत नाही.” ते थांबले. “दोनदा तोंड उघडलं होतं मी. कोणाचं लक्ष नव्हतं. मग म्हटलं, चाललंय तुमचं, चालू दे.”

दुपारचा चहा नको, हे तिचंच वाक्य होतं. पाहुण्यांसमोर ती ते रोजच्या सवयीने म्हणायची.

“ही माझ्याबरोबर खेळणारी मंडळी विचारतात मला,” अप्पांनी पडद्याकडे बोट केलं. “कुठून जाऊ, थांबू का, पळू का. नव्या गेममध्ये जळत्या इमारतीतून माणसं काढायची आहेत. मारामारीही आहे म्हणून अठराची अट. पण त्या मशीनला माझी खात्रीच पटत नाही.”

“मशीन नाहीये ते,” ती म्हणाली. हे सांगितलं नाही तरी चाललं असतं, हे तिला ठाऊक होतं. “माणसं बसतात तिथे. माझं ऑफिस तेच. तुमचे दोन अर्ज मीच परत पाठवले.”

अप्पांनी तिच्याकडे वळून बघितलं. आज पहिल्यांदाच धक्का त्यांना बसलेला दिसला.

“मी दिसलो तुला?”

“हो.”

“आणि ओळखलं नाहीस?”

“नाही.” मग खरं अर्ध्यावर राहू नये म्हणून ती म्हणाली, “आज ओळखलं. बटणावरून.”

अप्पांनी मान खाली घालून स्वेटरचं निळं बटण बघितलं आणि त्याच्यावरून अंगठा फिरवला. ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

तिने तिथेच उभं राहून ऑफिसातल्या मोठ्या बाईंना फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं, स्वतःचे नऊ सेकंदही. नात्यातली केस स्वतः मंजूर करता येत नसे. मोठ्या बाई नियमाच्या पक्क्या, पण ऐकून त्याही गार झाल्या.

“मी स्वतः बघते, आत्ताच, कॅमेऱ्यावर समोरासमोर,” त्या म्हणाल्या. “पण खोलीत ते एकटे हवेत. तूसुद्धा नकोस. बाहेर जा आणि दार लाव.”

ती बाहेर आली. दार तिने स्वतःच्या हाताने लावून घेतलं. आतून मोठ्या बाईंचा बारीक आवाज ऐकू आला. नमस्कार, तुमचं जन्मसाल सांगा, हे आकडे वाचा. अप्पांनी एकेक सावकाश वाचला.

“खोलीत तुमच्याशिवाय आणखी कोणी आहे का?”

अप्पा लगेच बोलले नाहीत. लावलेल्या दाराकडे त्यांनी बघितलं असेल, नसेल, तिला कळायला मार्ग नव्हता.

“नाही,” ते म्हणाले. “मागे कोणी नाही.”

दाराबाहेर तिने डोळे मिटून घेतले. दोन मिनिटांनी आत हेडफोनची खडखड झाली आणि अप्पांचा आवाज चढला, “लाल टोपी, आहेस का? झालं, झालं काम! या सगळे.”

ती स्वयंपाकघरात गेली. पातेल्यात पाणी ओतलं, ते परत थोडं काढलं, पुन्हा तेवढंच ओतलं. मग गॅस न लावताच परत आली. या घरात अप्पांच्या दारावर कोणी कधी टकटक केली नव्हती. तिने केली.

“अप्पा, चहा घेणार का?”

आत बोलणं थांबलं. एका हातात अजून त्याच चपला होत्या, त्या तिने खाली ठेवल्या आणि ती उत्तराची वाट बघत दाराबाहेर उभी राहिली.