आमचं मीठ निळं झालं नाही

मी एक जुनी मिठाची बरणी आहे. पोट गोल, अंग तपकिरी, काठाचा टवका उडालेला. डोंबिवलीला खाडीकाठच्या दामाजी म्हात्र्यांच्या घरात माझी चाळीस वर्षं गेली. तुम्ही मला टाकाऊ म्हणाल, पण मी अजून खणखणीत आहे!

मित्रांनो, दामाजी मिठागरात राबायचे. त्यांनी पिकवलेलं जाडं मीठ माझ्यात भरलं जायचं. पाहुणे कालवण चाखून वाहवा करत, तेव्हा मीही फुगायचे.

मग घरात सून आली, दिपिका. तिला मुलगी झाली. दोन महिन्यांत दिपिकाचा गळा फुगलेला दिसू लागला, थकवा जाईना. तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, "आयोडीन कमी आहे. तान्ह्या बाळाला ते तुमच्या दुधातूनच मिळतं. बाळाच्या मेंदूच्या वाढीला ते लागतं. औषध देतो, पण घरातलं मीठही तपासून घ्या."

दुसऱ्या दिवशी सासू जनीबाई पावडरच्या दुधाचा डबा घेऊन आल्या. "यावर लिवलंय, आयोडीन हाय. तुझे दुधान नाय. मंग हट्ट कशाला?"

दिपिकाने बाळ छातीशी घट्ट धरलं. "आई, ज्या बाईला दूध येत नाही, तिने डबा जरूर आणावा. मला भरपूर दूध आहे. कमी आहे ते माझ्या ताटात. ताट बदलू, बाळाला तोडणार नाही."

संध्याकाळी अंगणवाडीच्या हेमांगीताई आल्या. माझ्यातलं चिमूटभर मीठ बशीत घेऊन त्यांनी त्यावर बाटलीतले दोन थेंब टाकले. आयोडीन असेल तर मीठ निळं होतं. आमचं पांढरंच राहिलं.

मला लाज नाही, राग आला. एवढं कष्टाचं मीठ, आणि त्याला नापास करायचं?

दामाजी तर उसळलेच. "आमचे मिठावर तीन पिढ्या वाढल्या! दुकानातल्या मिठावर टाक थेंब!"

हेमांगीताईंनी पिशवीतली आयोडीनच्या मिठाची पुडी फोडली आणि त्यावर थेंब टाकले. मीठ क्षणात निळंजांभळं झालं. दामाजींनी बशी उचलून डोळ्यांजवळ धरली.

"बाबा, तुमच्या कष्टात खोट नाही," दिपिका म्हणाली. "पण माझ्या मुलीला जे हवं, ते यात नाही. उद्यापासून या बरणीत पुडीचंच मीठ राहील."

सासरच्या घरात सुनेने असं बोलावं! जनीबाई काही बोलणार, इतक्यात दामाजींनी मला उचललं, अंगणात रिकामं केलं, धुतलं आणि स्वतः उन्हात ठेवलं. "आपलं मीठ सुकटीला, मासळी खारवायला ठेवा," एवढंच म्हणाले.

दिपिकाने औषध चुकवलं नाही. पुढच्या तपासणीत तिचं आयोडीन नीट भरलं. मुलगी अंगावरच पिऊन बाळसेदार झाली. पावडरचा डबा न फोडताच दुकानात परत गेला.

मित्रांनो, माझ्यासारख्या बरणीला झाकण घट्ट लावा, तिला चुलीजवळ ठेवू नका, ओला हात आत घालू नका. नाहीतर मिठातलं आयोडीन उडून जातं. घरात बाळाला पाजणारी आई असेल, तर तिच्या जेवणातलं मीठ कुठलं ते जरूर विचारा. आणि कुणी म्हणालं, "मीठ ते मीठ, त्यात काय बघायचं?" तर त्याला खुशाल माझ्यासमोर आणून उभं करा.