माझ्याही वाटचा नमस्कार

देवळाच्या दारातून आत शिरल्यावर तेत्सुरो कुरामोचीची पावले देवाकडे वळतच नसत. ती वळत शिक्क्याच्या खिडकीकडे. खिडकीमागचा भिक्षू भाविकाच्या वहीत कुंचल्याने देवाचे नाव लिहितो आणि त्यावर लाल शिक्का उमटवतो. दर्शन घडल्याची ती साक्ष. लिफ्टच्या कंपनीत सदतीस वर्षे तपासणीचे अहवाल जमवून निवृत्त झालेल्या या माणसाला मोक्षसुद्धा फायलीला लावूनच हवा होता.

"अगं सुमिए, मी रांगेत थांबतो. तू तेवढी आत जाऊन ये. माझ्याही वाटचा नमस्कार कर."

"तुमच्या वाटचा केवढा करू?"

"चेष्टा पुरे. अजून तीन देवळं व्हायचीत. चारला खिडक्या बंद होतात."

सुमिए आत गेली. कामाकुराच्या डोंगरकुशीतले नोव्हेंबरचे ऊन गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत येऊन बिचकल्यासारखे थांबले होते. आतल्या अंधारात बुद्धाचा एक कान तेवढा उजळलेला होता. बाहेर चाळीस माणसे आपापल्या वह्या छातीशी धरून उभी होती. तो कान त्यांच्यापैकी कोणाच्याच कामाचा नव्हता. तिने दोन नमस्कार केले. त्यातला दुसरा तिला उष्टा वाटला.

आज घरी परतण्याआधी तिला एकच शब्द उच्चारायचा होता: नाही. येत्या वसंतात शिकोकू बेटावरची अठ्ठ्याऐंशी देवळे पायी करायची, सहा आठवडे चालायचे, असे तेत्सुरोने ठरवून टाकले होते. उद्या सकाळी यात्रेच्या आयोजकांना दोघांची नावे कळवायची होती. तिला त्याने विचारले नव्हते. तिच्यासाठी यात्रेचा पांढरा अंगरखा मात्र आणून ठेवला होता, तोही ढगळ. चौतीस वर्षांच्या संसारात 'नाही' हा शब्द तिने दारावरच्या विक्रेत्यांखेरीज कोणाला ऐकवला नव्हता. नवऱ्यापुढे तो जिभेच्या टोकाशी येई आणि घोटभर चहाबरोबर परत खाली जाई. या भित्रेपणाची तिला त्याच्या वहीइतकीच किळस होती.

दुपारी सोबा-शेवयांच्या दुकानात वाफाळते वाडगे बाजूला सारून त्याने वही उलगडली.

"हे अक्षर बघ, काय वळण आहे! आणि हे? कोंबडीनं पाय नाचवलेत नुसते."

"त्या कोंबडीच्या देवळात काय होतं, आठवतं?"

"देवळात देव असतो. आणखी काय असणार?" त्याने सुर्रकन शेवया ओढल्या. "मी गेल्यावर ही वही माझ्या शवपेटीत ठेवायची हं. वर दाखवायला लागते."

"आणि वर त्यांनी विचारलं, देव कसे होते, तर?"

"तू येशीलच की मागोमाग."

तो हे विनोदाने म्हणाला नव्हता. सुमिएने वाडग्यातले पाणी पाहिले, वाफ पाहिली आणि शब्द पुन्हा गिळला.

शेवटचे देऊळ दरीच्या टोकाला, बांबूंच्या आड होते, भिक्षुणींचे, लहानसे. पायऱ्या चढून पोचेपर्यंत चारला दहा मिनिटे उरली होती. रांग नव्हती, तरी तेत्सुरो सवयीने खिडकीशी गेला आणि सुमिए सवयीने आत. ती परतली तेव्हा खिडकीतली म्हातारी भिक्षुणी भाजलेले रताळे सोलत होती. पुढे केलेल्या वहीला तिने हात लावला नव्हता.

"दर्शन झालं?" तिने विचारले.

"झालं ना. आमचं झालं," तेत्सुरो म्हणाला.

"मग आमच्या कान्नोनदेवीच्या हातात काय आहे?"

"कमळ."

भिक्षुणीने रताळ्याचा घास घेतला.

"म्हणजे... पाण्याचा कलश?" त्याने बायकोकडे पाहिले. लग्नसमारंभात भाच्यांची नावे, साहेबांच्या घरी साहेबांच्या कुत्र्याचे नाव, अंत्यविधीला मृताचे वय. सगळे तिने आजवर याच नजरेसरशी त्याच्या कानात पुरवले होते. या वेळी ती कुंपणापलीकडच्या झाडावरची पर्सिमनची फळे पाहत राहिली. त्यातले एक कावळ्याने टोचलेले होते.

"अगं, सांग ना!"

"बाईंना नाही विचारलं मी," भिक्षुणी म्हणाली, आणि क्षणभराने, बोटे पुसत, "बरं, आता विचारते."

"हातच नाही," सुमिए म्हणाली. "मनगटापासून तुटलाय. आतलं कोरं लाकूड दिसतं. पण देणाऱ्यासारखा उरलेला हात अजून पुढेच धरलाय तिनं."

भिक्षुणीने कुंचला शाईत बुडवला. "भूकंपात गेला. मी तेव्हा लहान होते. वही?"

"माझी वही नाही," सुमिए म्हणाली.

भिक्षुणीने सुट्या कागदावर लिहिले, शिक्का मारला आणि तो दोन्ही हातांनी सुमिएला दिला. तेत्सुरोचा जीव भांड्यात पडला.

"झालं तर! घरी गेल्यावर चिकटवू. शेवटचं पान रिकामंच आहे. आण इकडे."

शाई ओली होती. त्या काळ्या ओलाव्यात सुमिएला एवढेसे आभाळ दिसले.

"नाही."

शब्द अगदी बारका निघाला, पण निघाला.

"नाही म्हणजे?"

"हा कागद माझा आहे. आणि शिकोकूलाही मी येणार नाही. उद्या तुमचं एकट्याचं नाव कळवा."

तेत्सुरो गोंधळला. रागवावे की समजवावे हे त्याला सुचेना. सुचला तो फक्त कामातला अडसर.

"अगं, मग तिथे आत कोण जाणार?"

चौतीस वर्षांत त्याने इतक्या कळवळ्याने तिला काही विचारले नव्हते. तिला दया येऊ पाहत होती. तिने ती येऊ दिली नाही. ओला कागद हातांवर आडवा धरून ती पायऱ्या उतरू लागली.

"सुमिए, अजून तीन मिनिटं आहेत! आत्ता पटकन बघून आलो तर लिहितील का गं?"

"त्यांनाच विचारा," ती म्हणाली आणि थांबली नाही.

मागे खिडकीची लाकडी झडप खाली आल्याचा आवाज झाला.