पामीर म्हणजे काय

दगडावर नाव खोश काकीचं आहे, वाक्य माझं. हे फक्त मलाच ठाऊक आहे, अशा समजुतीत मी अकरा वर्षं काढली.

आमच्या डोंगरातल्या शिमशाल गावात ज्याला आपल्या माणसाचं नाव राखायचं असतं, तो त्या नावाने गावासाठी काहीतरी बांधतो. पूल, पायवाट, नाहीतर भिंत. खर्च त्याचा, अंगमेहनत सगळ्या गावाची. याला नोमुस म्हणतात. काकीच्या मुलाने, अमीनने, उन्हाळी कुरणांकडे जाणाऱ्या पामीरच्या वाटेवर पहिल्या मुक्कामाला आईच्या नावाने खोली बांधली. काकी ऐंशीची, पण खणखणीत. तिला याकवर बसवून वर आणलं. दारावर बसवायचा दगड अमीनने गिलगिटहून कोरून आणला होता. तो वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं, कारण निम्मं गाव माझ्या शाळेत शिकलंय आणि उरलेलं निम्मं मला घाबरतं.

दगडावर कोरलं होतं : ‘पामीर म्हणजे सूर्याच्या पायाशी असलेली जमीन. — खोश बीबी.’

अकरा वर्षांपूर्वी लाहोरचे एक प्रोफेसर आले होते. पामीर हा शब्द कुठून आला, याचा शोध घेत हिंडत होते. कुणी त्याचा अर्थ जगाचं छप्पर असा लावतं, कुणी फारसीतून सूर्याचे पाय काढतं, पण एकाचं दुसऱ्याशी पटत नाही, असं ते चहा पिता पिता सांगत होते. म्हणून चाळीस उन्हाळे तिथे काढलेल्या बाईच्या तोंडून त्यांना ऐकायचं होतं. काकीला उर्दू येत नाही. मी मध्ये बसले.

काकी लोकर विंचरत होती. मान वर न करता म्हणाली, “गुरं काय, कुठंही चरतात. पामीर म्हणजे जिथं बाईनं वाट बघत बसायचं.”

मी उर्दूत सांगितलं, “सूर्याच्या पायाशी असलेली जमीन, असं म्हणतात या.”

प्रोफेसर खूश झाले. त्यांच्या पुस्तकात ते वाक्य काकीच्या नावासकट छापून आलं आणि गावाने ते पाठ केलं.

खरं वाक्य मला उच्चारणं शक्य नव्हतं. काकीने वाट बघितली होती ती माझी.

ही प्रोफेसर येण्याच्याही कितीतरी वर्षं आधीची गोष्ट. मी एकोणीस वर्षांची होते. पुरुष खाली शेतं बघायचे, पामीर बायकांचा. प्रत्येक घरातून दोघी जायच्या; आमच्या घरातून काकी आणि मी. एक काही कामाने खाली उतरली, तर ती परत येईपर्यंत दुसरी चूल विझवत नाही आणि मुक्काम हलवत नाही. मला मीठ आणायला पाठवलं होतं. तीन दिवस उतरायला, तीन चढायला. सातव्या दिवशी येते, म्हणून मी निघाले. खाली मैत्रिणीचं लग्न निघालं. आई म्हणाली, जा आता वर. मी सांगितलं, पायाला फोड आलेत. आणि त्याच पायांनी मनसोक्त नाचले.

बाकीच्या बायका वरच्या कुरणात गेल्या. काकीलाही चल म्हणाल्या. ती म्हणाली, “शहरनाज येतेय.” तिच्याजवळ तिची दीड वर्षांची लेक गुलची होती. सातवा दिवस उलटून गेल्यावर एका सकाळी तिला ताप चढला. जडीबुटी जाणणारी म्हातारी नदीपलीकडे गेलेली, आणि फुगलेल्या नदीतून पोर घेऊन उतरायला दुसरा हात लागतो. तो हात खाली लग्नात टाळ्या वाजवत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी गुलची गेली.

मी सोळाव्या दिवशी पोचले. छपरावर धूर दिसेना; चूल विझलेली होती. काकी शेळीची धार काढत होती.

“मीठ आणलंस?” एवढंच तिने विचारलं. त्यानंतर त्या उन्हाळ्याबद्दल एक शब्द नाही. मला चार शिव्या दिल्या असत्या तर मी कधीतरी सुटले असते.

आणि आता ती समोर गालिच्यावर बसली होती. “वाच की गं,” ती म्हणाली. “एवढं लांब आणलंय मला, काय लिहिलंय ते तर कळू दे.”

मी अर्धं वाचलं आणि थांबले.

“काकी, तू हे म्हणाली नव्हतीस.”

“माहितेय मला.”

“कसं?”

“मी जे बोलले ते ऐकून कुठला शहाणा हसेल? आणि तो बाबा तर दात काढत होता. म्हटलं, हिनं गिळलं वाटतं.”

“मग तेव्हाच का नाही बोललीस?”

“तू कधी सांगतेस, बघत होते. मला काय, सवय आहे.”

मग मी सगळं सांगितलं. उभ्या गावासमोर, लग्न, फोड, नाच, काहीही न वगळता. अमीनचा जन्म त्यानंतरचा. त्याला एक बहीण होती एवढंच त्याने ऐकलेलं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. दगड उचलला, बाहेर नेला आणि अक्षरं भिंतीकडे करून टेकवून ठेवला. माझ्याकडे शिकलेली सगळी माणसं आपापल्या बुटांकडे बघत होती. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

खोलीतली पहिली चूल ज्याच्या नावाने नोमुस त्याने पेटवायची. अमीनने आईच्या हातात काडेपेटी दिली. तिने ती माझ्यापुढे धरली.

“तुझा मान आहे काकी.”

“मी माझी तेव्हाच विझवली. तू पेटव.” तिने सरकून शेजारी जागा केली. “आणि आता कुणाचं लग्न निघो, काही होवो, मी उठेपर्यंत इथून हलायचं नाही.”

तिसऱ्या काडीला शेणी पेटली. मी काकीच्या शेजारी बसले.