गाडीचा श्वास आणि ग्रीसचा डबा

रविवारी सकाळी टॅक्सीतळावर एवढी गर्दी होती की मला वाटलं, कुणीतरी कुणाला तरी ठोकलं. हातातलं पंक्चर अर्धवट टाकून मी धावलो. माझं टायरचं दुकान तळाच्या फाटकाला लागूनच आहे, त्यामुळे तिथलं प्रत्येक भांडण मला घरबसल्या मिळतं. पण हे भांडण नव्हतं. मधोमध दाजींची पांढरी गाडी उभी होती, तिचं बॉनेट उघडं होतं आणि एक माणूस डोळे मिटून इंजिनाला कान लावून उभा होता.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान. वीस वर्षं टॅक्सी चालवतात. आणि तो डोळे मिटलेला माणूस म्हणजे वायुगुरू. अंगात मेकॅनिकचा पोशाख, पण पांढराशुभ्र. तेलाचा एक डाग नाही. खरं तर मला तिथेच शंका यायला हवी होती.

"ऐका!" वायुगुरूंनी डोळे उघडले. "दम लागलाय तिला. ऐकू येतंय का कुणाला?"

सगळ्यांना लगेच ऐकू आलं. तळावर कमी ऐकू येणारे दोन ड्रायव्हर आहेत, त्यांनाही आलं.

"बंधूंनो, तुमच्या नाकात बोळा कोंबून तुम्हाला कुणी चढ चढायला लावला तर? कंपनीने हिच्या नाकात बोळा कोंबलाय! बिचारी गुदमरते, म्हणून जास्त पिते. तिला मोकळा श्वास द्या, पेट्रोल ती स्वतःहून सोडेल."

दारू सोडल्यासारखं पेट्रोल सोडणारी गाडी मी आयुष्यात पाहिली नव्हती, पण लोकांच्या माना डोलत होत्या. गुरूंनी इंजिनाकडे हवा नेणारी काळी प्लास्टिकची नळी काढली. तिच्यात बोटाएवढा एक सेन्सर असतो, आत जाणारी हवा मोजणारा. तो त्यांनी हलक्या हाताने काढून एका चकचकीत जांभळ्या नळीत बसवला आणि ती नळी इंजिनाला जोडली.

"आता एक फेरी मारून या."

दाजी पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन आले. तळावरच्या प्रत्येक गाडीत स्टिअरिंगजवळ एक छोटा पडदा चिकटवलेला आहे. गाडी लिटरला किती किलोमीटर देते, ते त्यावर दिसतं. दाजींच्या पडद्यावर वर्षानुवर्षं अठराच्या आसपासचा आकडा असायचा. ते परत आले तेव्हा तिथे साडेचोवीस होता.

सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. मीही घातली, खोटं कशाला बोलू.

"पण हा पिवळा दिवा लागलाय, गुरुजी," दाजी म्हणाले. इंजिनात काही बिघडलं की समोर लागतो, तो दिवा.

"लागणारच! गाडी जागी झाल्याची खूण आहे ती," वायुगुरू म्हणाले आणि शेजारच्या गाडीकडे वळले.

दोन रविवारांत रोख पैसे मोजून नऊ गाड्यांना जांभळ्या नळ्या लागल्या. नऊ पिवळे दिवे लागले आणि ड्रायव्हर ते एकमेकांना कौतुकाने दाखवू लागले. ताईकडे जेवताना मी म्हणालो, "ताई, यात काहीतरी गोम आहे." ती म्हणाली, "मग तळावर जाऊन बोल की. माझ्या स्वयंपाकघरात काय शौर्य गाजवतोस?" मी पुढचा घास घेतला. दाजींशी वाद कोण घालणार?

त्यानंतरच्या मंगळवारी दाजींचा फोन आला. "मेहुणे, पाच लिटर पेट्रोल घेऊन या. गाडी बंद पडली. मागे बाई आहेत."

बाई म्हणजे आमच्या सगळ्यांच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाई. आता निवृत्त. दोन्ही मूत्रपिंडं थकल्यामुळे मंगळवारी आणि शुक्रवारी दाजी त्यांना साठ किलोमीटरवरच्या मोठ्या इस्पितळात डायलिसिसला नेतात. मी स्कूटरवरून कॅन घेऊन पोचलो, तर बाई रस्त्याकडेच्या झाडाखाली सुजलेले पाय लांब करून बसलेल्या आणि दाजी पडद्याकडे टक लावून उभे.

"बघा ना, मेहुणे. टाकी फुल केली होती. पडदा म्हणतोय, अजून दोनशे वीस किलोमीटर जाईल."

"आणि पेट्रोलचा काटा?"

"तो दोन वर्षांपासून झोपलाय."

टाकी भरली की दाजी एक बटण दाबतात. मग किती पेट्रोल जळलं आणि किती उरलं, याचा हिशेब पडदाच करतो. पडद्याच्या मते टाकीत नऊ लिटर होतं. मी टाकीपाशी कान नेऊन गाडी हलवली. आत थेंब डचमळला नाही. बाईंची त्या दिवशीची वेळ हुकली, दुसऱ्या दिवशी कसंबसं दुसऱ्याच्या जागी घेतलं त्यांना.

दाजींनी वायुगुरूंना फोन लावला. गुरूंनी विचारही केला नाही. "आकडा कधी खोटं बोलत नाही, बाळा. माणसं बोलतात. टाकीतलं पेट्रोल कुणी काढलं, ते शोध."

आता रात्री गाड्या तळावर असतात आणि त्या राखायला एकच माणूस असतो. चौकीदारकाका. फाटकाजवळच्या खोलीत काका आणि काकू अकरा वर्षं राहतात. त्या आठवड्यात आणखी तीन गाड्या अशाच वाटेत थांबल्या, चारही जांभळ्या नळीवाल्या. मग काय, तळावर बैठक बसली.

"माझी खोली बघा," काका म्हणाले.

खोली बघितली. पलंग, स्टोव्ह, काकूंचं शिवणयंत्र. पेट्रोलचा वाससुद्धा नाही. यावर एक ड्रायव्हर म्हणाला, "म्हणजे विकून टाकलं!" आणि हा पुरावा सगळ्यांना पटला. काही सापडलं असतं तर चोर, नाही सापडलं तर पक्का चोर. महिनाअखेर खोली रिकामी करा, असं ठरलं. हात वर करणाऱ्यांत दाजी होते. मी टायरला ठिगळ लावत होतो आणि मान वर केली नाही. याची मला आजही लाज वाटते.

शुक्रवारी मला इस्पितळाजवळच्या दुकानातून टायर आणायचे होते, म्हणून मीही दाजींच्या गाडीत बसलो. दाजींनी मोठ्या तावातावाने बाईंना चोरीची गोष्ट सांगितली. बाईंनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली.

"अरे, पेट्रोल चोरीला गेलं हे तुला कुणी सांगितलं?"

"पडद्याने, बाई. त्याच्या हिशेबात नऊ लिटर उरलं होतं."

"आणि पडदा बरोबर आहे, हे कुणी सांगितलं?"

पुढे एक ट्रक होता, दाजींनी त्याच्यावर हॉर्न वाजवून घेतला.

"माझ्या डायलिसिसच्या मशीनलाही पडदा आहे," बाई म्हणाल्या. "अंगातलं दोन लिटर पाणी काढलं, असं तो सांगतो. तरी सिस्टर मला आधी काट्यावर उभं करते आणि नंतरही. एकदा मी विचारलं, का गं, मशीनवर विश्वास नाही? ती म्हणाली, आहे ना, पण पाणी मशीनच्या अंगातून नाही, तुमच्या अंगातून काढायचंय."

"मग गाडी काट्यावर चढवू?" दाजी थोडे चिडलेच.

"ट्रकच्या वजनकाट्याला चार-पाच लिटरचा फरक कळणारही नाही. त्यापेक्षा सोपं कर. निघताना टाकी तोंडापर्यंत भर. आल्याबरोबर त्याच पंपावर, त्याच जागी, त्याच नळीने पुन्हा तोंडापर्यंत भर. जेवढं मावेल तेवढं जळलं. दोन फेऱ्या जांभळी नळी लावून, दोन काढून. रस्ता तोच, वेळ तीच, मागच्या सीटवरची म्हातारीही तीच. मधे गाडीतून उतरायचं नाही. म्हणजे चोराला संधीच नाही."

"आणि मी खरा निघालो तर?"

"तर काकांना जाब विचारायला मी स्वतः येईन."

दाजी तयार झाले. हट्टी आहेत, पण शब्दाला पक्के. इस्पितळाच्या आवारात चार-चार तास गाडीतच बसून राहिले, ताईने दिलेला डबाही स्टिअरिंगवर ठेवून खाल्ला. पहिल्या मंगळवारी पडदा म्हणाला, एकशेवीस किलोमीटरला चार लिटर नऊशे मिली. पंपावर टाकीत मावलं सहा लिटर सातशे. दाजींनी पंपवाल्याशी भांडण केलं. शुक्रवारी पुन्हा तेच. त्या दिवशी भांडण केलं नाही.

मग जुनी काळी नळी लावली. पडदा म्हणाला, सहा लिटर साडेसहाशे. पंप म्हणाला, सहा लिटर सातशे. चौथ्या फेरीलाही जवळपास तेवढंच, चहाच्या कपाइतकं इकडेतिकडे. त्या संध्याकाळी दाजी माझ्या दुकानात येऊन टायरच्या ढिगावर बसले.

"मेहुणे," म्हणाले, "गाडी तेवढंच पितेय हो. पहिल्यापासून तेवढंच."

महिन्याच्या शेवटच्या रविवारी वायुगुरू उरलेल्या गाड्यांचं कल्याण करायला आले. बाईही आल्या. दुकानातली खुर्ची मी तळाच्या मधोमध मांडली. बाईंच्या सांगण्यावरून मी एक वस्तू बनवून ठेवली होती: ग्रीसचा रिकामा डबा, दोन्ही तोंडं कापलेला, कडेला सेन्सरसाठी एक भोक. जांभळ्या नळीपेक्षा चांगला बोटभर रुंद. दाजींनी तो सगळ्यांदेखत आपल्या गाडीला बसवला आणि पाण्याच्या टाकीपर्यंत फेरी मारून आले. गाडी खोकत होती, पिवळा दिवा लखलखत होता.

"किती?" बाईंनी विचारलं.

"तीस!"

तळावर एकच गिल्ला झाला. "तीस? डब्याने?" "गुरुजी, तुमची तर साडेचोवीसच देते!"

"आता याने आणखी रुंद डबा बसवला तर चाळीस दिसतील," बाई म्हणाल्या. "एखादं पिंपच लावलं तर गाडी पेट्रोल प्यायच्या ऐवजी पंपाला परत देईल."

हशा ओसरल्यावर त्यांनी शाळेतल्यासारखा हात वर केला. सगळे ड्रायव्हर आपोआप गप्प झाले.

"नीट ऐका. हा सेन्सर नळीतून जाणारा वारा किती जोरात लागतो, तेवढंच ओळखतो. नळी कंपनीच्या मापाची आहे, असं त्याने धरलेलं असतं. नळी रुंद केली की तेवढीच हवा सावकाश जाते. सेन्सरला वाटतं, हवा कमी. पडदा त्याचं ऐकतो आणि पेट्रोलही कमी लिहितो. पण इंजिन पडद्याचं ऐकत नाही. धुराच्या नळीत दुसरा सेन्सर बसलेला असतो, तो सांगतो की पेट्रोल कमी पडतंय, मग इंजिन लागेल तेवढं ओढून घेतं. ती ओढाताण फार झाली की हा पिवळा दिवा लागतो. गाडी जागी झालेली नाही, तक्रार करतेय."

"पण मोकळा श्वास?" मागून एक आवाज आला.

"श्वास तर तूच अडवतोस की. हवेच्या वाटेत एक झडप आहे. पाय हलका ठेवलास की ती जवळजवळ मिटलेली असते. घराचं दार लोटून घेतलंय, आणि तू अंगणाचं फाटक रुंद करतोयस. फिल्टर मळला तर बदल, टायरमध्ये हवा पुरेशी ठेव, पाय जपून वापर. दुसरी जादू नाही."

दोन जणांनी तेवढ्यात गुरूंच्या व्हॅनचं बॉनेट उघडलं होतं. आत कंपनीची काळी प्लास्टिकची नळी होती, धुळीने माखलेली.

"गुरूने स्वतःवर प्रयोग करायचा नसतो!" वायुगुरू ओरडले. पण ते ओरडताना व्हॅनमध्ये चढत होते, त्यामुळे वाक्याचा प्रभाव पडला नाही. नऊ जणांनी व्हॅन घेरली आणि प्रत्येकाचे पैसे वसूल झाल्याशिवाय सोडली नाही. पांढऱ्या पोशाखावर त्या दिवशी पहिल्यांदा ग्रीसचे डाग पडले. ते कुणाच्या हाताचे होते, हे मी सांगणार नाही.

या सगळ्या गोंधळात फाटकाजवळच्या खोलीचं दार उघडं होतं. काकू शिवणयंत्र चादरीत गुंडाळत होत्या. दाजी तिकडे गेले, मी त्यांच्या मागे. काका ट्रंकेला दोरी बांधत होते.

"काका, चुकलं माझं," दाजी म्हणाले. "सगळ्यांचंच चुकलं. कुठेही जायचं नाही तुम्ही."

काकांनी दोरीची गाठ पूर्ण मारली, मग वर बघितलं.

"पेट्रोल मोजायला चार फेऱ्या मारल्यास ना?"

"हो काका."

"मला चोर ठरवायला किती मारल्या होत्यास?"

दाजी खाली बसले आणि ट्रंकेची दोरी सोडू लागले. गाठ घट्ट होती, वेळ लागला. काकूंनी शिवणयंत्र पुन्हा खिडकीपाशी ठेवलं, पण आमच्याशी बोलल्या नाहीत. त्यांना बोलतं व्हायला पुढे तीन महिने लागले, आणि ते रास्तच होतं.

तो ग्रीसचा डबा मी दुकानात खिळ्याला टांगून ठेवलाय. कुणी मला नव्या चमत्काराची बातमी सांगायला आलं की मी डब्याकडे बोट दाखवतो आणि एवढंच सांगतो: बाबा रे, आकडा कुणी काढला आणि कसा काढला, ते आधी विचार. स्वतः मोजून बघ. चमत्कार खरा मानला की न जुळणाऱ्या हिशेबासाठी एक चोर शोधावा लागतो. आणि तो नेहमी फाटकाजवळच्या खोलीतच सापडतो.