अनंतबाबूंनी तपासलेली कंपनी

तहसीलमध्ये मी एकतीस वर्षं कारकुनी केली आणि माझ्या टेबलावरून एकही चुकीचा कागद पुढे गेला नाही, हे मी छाती ठोकून सांगत असे. फारच सांगत असे. वाक्य सुरू झालं की बायको, शोभा, उठून स्वयंपाकघरात जायची. निवृत्त झालो तरी निम्म्या मारेगावचे कागद माझ्या ओसरीवर येत. कुणाचा सातबारा, कुणाचा जातीचा दाखला, कुणाला बँकेची नोटीस. मी कागद उजेडात धरायचो, शिक्का बघायचो, जावक क्रमांक बघायचो आणि कोपऱ्यात पेन्सिलीनं ‘तपासले’ लिहून आद्याक्षरं नि तारीख टाकायचो. ऑफिसची खोड, दुसरं काय!

उर्वशी माझा जुना सहकारी धर्मपाल याची मुलगी, आमच्या वार्डाची आशा सेविका. गरोदर बायांची नोंद, पोरांचं लसीकरण, कुणाला रात्रीबेरात्री दवाखान्यात न्यायचं, सगळं तीच. तिला कुठल्याही घरात कडी वाजवावी लागत नसे. ती थेट चुलीपर्यंत जायची. गेल्या वर्षी दिवाळीनंतर ती एक फाईल घेऊन माझ्याकडे आली. ताकदीची पावडर विकणारी कंपनी होती. नाव सांगत नाही, तेवढी अक्कल आता आली आहे. स्वतः डबा घ्यायचा, चार बाया जोडायच्या, त्या चौघींनी आणखी चार-चार जोडायच्या.

“काका, बाया म्हणते, पहिले अनंतबाबूले दाखव. ही कंपनी खरी हाये का फसवी, तेवढं सांगून द्या.”

मी चष्मा पुसला. नोंदणीचं प्रमाणपत्र होतं, पॅन होतं, जीएसटी होता, पावडरीचा खाद्य परवानाही होता. एकेक नंबर मोबाईलवर सरकारी साईटवर टाकून पाहिला. सगळे जुळले. मी प्रत्येक पानावर ‘तपासले’ लिहिलं.

शेवटी एक रंगीत तक्ता होता. वर एक गोल, खाली चार, त्याखाली सोळा. एक बाई आणली की किती मिळणार, ते ठळक छापलं होतं. डबा बाहेरच्या गिऱ्हाइकाला विकला तर किती, ते कुठेच नव्हतं. मी तक्ता वाचला, मग पुन्हा वाचला. मनातल्या मनात चारचा पाढा लावला. आठव्या पायरीला पासष्ट हजार बाया लागत होत्या. आमच्या अख्ख्या तालुक्यात पाळण्यातल्या पोरी धरूनही तेवढ्या भरणार नाहीत. म्हणजे खालच्यांच्या पैशावर वरचे जेवणार आणि शेवटच्या रांगेतल्या उपाशी उठणार. एवढं कळायला साहेब व्हावं लागत नाही.

मी तो तक्ता फाईलीत मागे सरकवला. त्याच्यावर ना सही होती ना शिक्का, म्हणून तो माझ्या लेखी कागदच नव्हता, असं मी नंतर स्वतःला पुष्कळ समजावलं. खरं कारण वेगळं आहे. वणीच्या मंगल कार्यालयात कंपनीवाल्यांनी उर्वशीला मंचावर बसवून हार घातला होता आणि ते सांगताना पोरीचा चेहरा नुसता फुलला होता. तिचा हिरमोड माझ्या तोंडून होऊ नये असं वाटलं. शिवाय मी नाही म्हणायचो आणि उद्या कंपनी चालली तर गाव मला हसायचं. आयुष्यभर चूक न केलेल्या माणसाला चुकण्याची फार धास्ती असते.

“कागद पक्के आहेत,” मी म्हणालो.

तिनं त्या पानांच्या झेरॉक्स काढल्या. माझं ‘तपासले’ सगळ्यांवर उमटलं. चार महिन्यांत तेवीस बाया जोडल्या गेल्या. मैनाबाईनं दोन शेळ्या विकल्या, कांताबाईनं कापूस वेचणीची मजुरी घातली. उन्हाळ्यात कंपनीच्या वणीच्या ऑफिसला कुलूप लागलं आणि सगळे फोन बंद झाले. घरोघरी पावडरीचे डबे तेवढे उरले. चव घेऊन पाहिली मी. गोड सातू होता.

अंगणवाडीच्या आवारात बाया जमल्या आणि मलाही बोलावणं आलं. उर्वशी मधोमध उभी होती. कांताबाई सगळ्यांत वडील, तिनंच विचारलं, “तुयाच भरवशावर आमी पैसे देल्ले. आता काय म्हणतं?”

“मी कोणाले फसवलं नाही, मावशी. माये पण बुडाले. काकांनी तपासून देल्लं, तवाच मी तुमाले सांगतलं. इचारा त्यांले.”

तेवीस बाया माझ्याकडे बघू लागल्या. मला एवढंच म्हणायचं होतं की बायांनो, मला दिसलं होतं, मी बोललो नाही. मी खाकरलो आणि ऑफिसातल्या आवाजात म्हणालो, “कागद खरे होते. आजही खरे आहेत. यात पैसे घाला असं मी कुणाला सांगितलं नाही.”

एक शब्द खोटा नव्हता. कांताबाईनं मान डोलावली. “बाबू बराबर बोलून राह्यले. त्यांचं काम कागदाचं.” मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मला हायसं वाटलं, याची आज किळस येते. मग सगळ्या उर्वशीकडे वळल्या. “मंचावर तू बसलती न? हार तुले घातला न?” मैनाबाई तर अंगावरच धावून गेली. उर्वशीनं माझ्याकडे एकदाच पाहिलं.

तेव्हापासून तिला दारं बंद झाली. मैनाबाईच्या सुनेला सहावा लागला तरी तिची नोंद नाही, कारण उर्वशी गेली की आतून ‘घरी नाही’ असं सांगायचे. लसीच्या दिवशी अंगणवाडीत पोरं येईनात. आणखी एक महिना असाच गेला तर काम काढून घेऊ, असं तिला वरून सांगितलं होतं. धर्मपाल रस्त्यात भेटला तरी मान खाली घालून जायचा. खाली मान माझी जायला हवी होती.

शेवटी मीच त्यांच्या घरी गेलो. उर्वशी रजिस्टर घेऊन बसली होती. मी उभ्या उभ्या सांगून टाकलं, “पोरी, त्या तक्त्यावरून मला तेव्हाच कळलं होतं. मी गप्प बसलो.”

तिनं वर पाहिलं. “मले मालूम हाये, काका. तुमी तो तक्ता दोनदा वाचला. मी तुमच्या तोंडाकडंच पाहून राह्यलती. म्हटलं, खराब असतं तर काका बोलले असते.”

“माफ कर,” म्हणालो.

“हे इथं काहून सांगता? इथं कोण हाये?” तिचा आवाज चढला नाही, हेच जास्त लागलं. “मंगळवारी लसीकरण हाये. सकाळी पोरं बोलवाले दारोदार जातो मी. संगं चला. मैनाबाईच्या दारात हेच सांगा. बाया तुमचं ऐकते.”

“येतो,” मी म्हणालो. त्या क्षणी मनापासून म्हणालो.

मंगळवारी मी पहाटेच उठलो. आंघोळ केली, इस्त्रीचा सदरा घातला, ओसरीवर येऊन बसलो. नऊच्या सुमारास उर्वशी फाटकाशी आली. तिनं हाक मारली नाही, नुसती उभी राहिली. दोन मिनिटं असेल, पाच असेल. मग ती मैनाबाईच्या घराकडे एकटीच निघाली.

शोभा चहा घेऊन बाहेर आली. “तुम्ही जाणार होता ना?”

“गुडघा दुखतोय,” मी म्हणालो.

समोरच्या गल्लीत उर्वशी कडी वाजवत होती. मैनाबाईचं दार उघडलं नाही. ती पुढच्या दाराशी गेली. माझा गुडघा दुखत नव्हता.