फळीवर कोणी बोलावत नाही

शुक्रवारी दुपार कलली की शेजारच्या फ्लॅटमधून टापांचा आवाज सुरू व्हायचा. ठक-ठका-ठक, आणि त्यावर तारांचा खणखणाट. आखातातल्या अल नहदाच्या त्या टॉवरच्या पातळ भिंतींतून शेजाऱ्यांची भांडणं, टीव्ही, मिक्सर असं सगळं ऐकू यायचं, पण हे काही निराळंच होतं.

"बाईंनी घोडा पाळलाय बहुतेक," सुमेधाचा नवरा शैलेंद्र पेपरातून डोकं न काढता म्हणाला.

सुमेधाला राहवेना. पाच वर्षांची लेक अस्मी तर भिंतीला कान लावूनच बसायची. घरात या पोरीच्या जिभेला हाड नव्हतं, पण उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की ती मुकी. पहिलीच्या इंटरव्ह्यूला तोंड उघडलं नाही तर अवघड आहे, असं केजीच्या टीचरने सांगितलं आणि सुमेधाची झोप उडाली. तेव्हापासून लिफ्टमध्ये, सुपरमार्केटात, जिथे माणूस दिसेल तिथे ती अस्मीला कोपराने ढोसायची. आंटीला नाव सांग, सांग ना बाळा. अस्मी आणखीच मिटायची.

शेवटी चिवड्याची प्लेट घेऊन, अस्मीचा हात धरून सुमेधाने शेजारची बेल वाजवली. दार उघडणारी ओफेलिया मेक्सिकोची. नवरा लांब मुसफ्फाच्या वर्कशॉपमध्ये, गुरुवारी रात्री काय तो घरी यायचा. त्यानेच पॅकिंगच्या लाकडाची एक बुटकी, रुंद फळी ठोकून दिली होती. ती हॉलच्या मधोमध मांडलेली. ओफेलिया छोटीशी गिटार छेडत गात होती आणि तिच्या गावाकडच्या दोन बायका आळीपाळीने फळीवर चढून टाचा आपटत होत्या. ढोलकी नव्हतीच. ठेका सगळा पायांचा. मधूनच गाणं थांबवून ओफेलिया मोडक्या इंग्रजीत आणि हातवाऱ्यांत गोष्ट सांगायची. एका खेकड्याने नदीचा आवाज चोरून बिळात नेला, म्हणून काठावरची माणसं लाकडावर पाय आपटू लागली, तो आवाज परत बाहेर यावा म्हणून.

सुमेधा सोफ्याच्या कडेला बसून होती. आता ही म्हणेल, ये ना तू पण. आपण म्हणू, छे छे, मला कुठे येतंय. ती पुन्हा म्हणेल, आणि मग आपण उठू, अस्मीलाही उठवू. ओफेलियाने एकदाही बोलावलं नाही. चिवडा मात्र सगळ्यांनी संपवला.

"साधं ये म्हणाली नाही गं बाई," घरी आल्यावर ती शैलेंद्रला सांगत होती. पुढच्या शुक्रवारी ती गेलीच नाही. अस्मी भिंतीजवळून हलेना. "Why did the crab steal it?" एवढंच विचारत राहिली.

ओफेलिया लिफ्टमध्ये भेटली. आवडलं नाही का, तिने सरळच विचारलं. सुमेधानेही मग आडपडदा ठेवला नाही. तुम्ही आम्हाला बोलावलंच नाहीत, म्हणाली. ओफेलिया गोंधळली.

"फळीवर कोणी बोलावत नाही," ती म्हणाली. "ज्याला वाटेल तो चढतो. मी बोलावलं, तर तो नाच माझा झाला, तुझा नाही."

तिचे वडील गावात अशा गाण्यांना गाता गाता नवी कडवी जोडायचे. आता गावातली पोरं शहरात गेली, फळी कोपऱ्यात उभी असते. इथे मी वाजवते, ती म्हणाली, पण चढणारं कोणी नसलं की खलास, गाणं तिथेच संपतं. एवढं सांगूनही ये म्हणाली नाही ती नाहीच. मजला आला तशी उतरून आपल्या दाराकडे गेली.

सुमेधाला मात्र लिफ्टमधला आपलाच आवाज आठवला. नाव सांग, सांग ना.

पुढच्या शुक्रवारी दोघी गेल्या. सुमेधाने दोन्ही हात मांडीखाली घातले, कोपर चालवायला नको म्हणून. गाणी झाली, बायका चढल्या, उतरल्या. ओफेलियाने खेकड्याची गोष्ट पुन्हा सांगितली आणि तारा छेडत राहिली. फळी रिकामी होती. अस्मी आईकडे बघत होती. सुमेधाने मोठ्या कष्टाने नजर पडद्याकडे नेली. बूट घासल्याचा आवाज आला, तरी तिने मान वळवली नाही.

ठक.

ओफेलिया तेच सूर फिरवून फिरवून वाजवत होती, कंटाळा नाही की घाई नाही. ठक, ठक. आणि त्यामागून बारीक, घोगरा आवाज आला.

"He was lonely. The crab."

ओफेलियाने मान डोलवली आणि ते वाक्य तिच्या भाषेत करून त्याच चालीवर गायला घेतलं. त्या दोन बायकांनी ते उचललं. फळीवर उभ्या अस्मीने आपलं वाक्य परक्या शब्दांत फिरून आलेलं ऐकलं आणि ती तोंड उघडं टाकून बघत राहिली.

जरा मोठ्याने बोल, बाळा. सुमेधाच्या ओठांवर आलंच होतं. तिने ते गिळलं.

"And he didn't know how to give it back," अस्मी म्हणाली, आणि दोन्ही टाचा आपटल्या.